रझाकार आणि वेठीचा शिपाई

‘रझाकार’ हा शब्द आम्हां मराठवाड्यातल्या माणसांना अजून शिवीसारखा लागतो. भांडणात एकाने दुसऱ्याला रझाकार म्हटले, की मध्यस्थाने आपले काम संपले असे समजावे. १९४८ साल ज्यांनी जाणत्या वयात पाहिले अशी माणसे आता फारशी उरली नाहीत. शब्दाची धग मात्र घरोघर उरली आहे. माझ्या आईच्या गोष्टींत राक्षस नसत, रझाकार असत. आणि ते नेहमी रात्रीच येत.

या शब्दाचा अर्थ मला वडिलांनी सांगितला. निजामी अमलात शिकावयाचे म्हणजे उर्दूतून शिकावयाचे, त्यामुळे वडिलांची उर्दू त्यांच्या मराठीइतकीच चांगली होती. मी आठनऊ वर्षांचा असेन. कसल्याशा संमेलनाला ते मला घेऊन गेले होते. मांडवाच्या दाराशी छातीवर ‘स्वयंसेवक’ अशी फीत लावलेली तरुण मुले उभी होती. वडील वाकून माझ्या कानाशी म्हणाले, “यांना उर्दूत काय म्हणतात, ठाऊक आहे? रझाकार.” मी त्यांचा हात घट्ट धरला. घरी आल्यावर त्यांनी नीट समजावून सांगितले. रझा म्हणजे मर्जी, राजीखुशी. आपण कचेरीत मागतो ती ‘रजा’ याच कुळातली, आणि ‘राजी’ हा शब्दही याच कुळातला. जो आपल्या राजीखुशीने एखादे काम पत्करतो तो रझाकार.

हा अर्थ कळला म्हणून माझा रझाकारांवरचा राग कमी झाला नाही. उलट त्या रागाला नेमकी जागा सापडली. कासीम रझवी हा लातूरचा वकील. त्याने संघटना बांधली आणि माणसे आपण होऊन तिच्यात गेली. नाव घातले नसते तर कोणी त्यांना फासावर देणार नव्हते. आपल्या मर्जीने ज्याने बंदूक उचलली, त्याला त्या बंदुकीचा जाब विचारावयासच हवा.

याच्या उलट टोकाला जो माणूस उभा असतो त्याच्यासाठी आपल्या भाषेत फार जुना शब्द आहे: वेठ. वाड्यावर लाकडे फोडावयास, दौऱ्यावर आलेल्या अंमलदाराचे सामान पुढच्या गावापर्यंत वाहावयास ज्याला धरून नेत, तो वेठीचा माणूस. त्याला मजुरी मिळण्याची शाश्वती नसे आणि नाही म्हणण्याची सोय तर मुळीच नसे. पुढे ते वाडे गेले, ते अंमलदारही गेले. पण या माणसाने वाड्यावर लाकडे फोडली, सबब हा वाड्याच्या जुलमाचा भागीदार, असे कोणी म्हणाले नाही. म्हणाला असता तर गावाने त्याला वेड्यात काढले असते.

आज जगातली शहाणी म्हणविणारी सरकारे नेमके हेच म्हणतात, आणि त्यांना कोणी वेड्यात काढीत नाही. ऐन दिवाळीत हा विषय का, असे कोणी विचारील. दिवाळीत माणसे घरी येतात, म्हणूनच हा विषय. आमच्या छत्रपती संभाजीनगरात (माझ्या तोंडी अजून औरंगाबादच येते, वाचकांनी क्षमा करावी) आश्विन लागला की फराळाचे डबे परदेशी पाठविणाऱ्यांची गर्दी सुरू होते. चकली मोडू नये म्हणून आया ती कापसात गुंडाळून देतात. ती आठ दिवसांत अमेरिकेत मुलाच्या ताटात पडते. आणि त्याच देशात अशी घरे आहेत, की ज्यांतल्या बाईला आपला नवरा आणि मुलांना आपला बाप वर्षानुवर्षे दूरध्वनीच्या काचेतच पाहावा लागतो. त्या बापाचा गुन्हा एवढाच, की अठराव्या वर्षी त्याच्या सरकारने त्याला धरून दोन वर्षे शिपाई केले.

मी इराणी कुटुंबांविषयी बोलतो आहे. इराणात मुलगा अठरा वर्षांचा झाला, की त्याला साधारण दोन वर्षे सक्तीची लष्करी नोकरी करावी लागते. फारसीत तिला ‘निजाम वजीफा’ म्हणतात. आमच्या जुन्या माणसांना हे ऐकून हसू येईल. कारण आमच्याकडे निजाम म्हणजे हैदराबादचे सरकार आणि वजीफा म्हणजे त्या सरकारकडून घरबसल्या मिळणारी पेन्शन! तिकडे वजीफा म्हणजे कर्तव्य, आणि ते घरी बसून होत नाही. ते पुरे केल्याचा दाखला हाती नसेल तर पासपोर्ट मिळत नाही. ख्रिस्ती, यहुदी अशा अल्पसंख्य घरांतल्या मुलांचीही यातून सुटका नाही. त्यातही भरतीला गेलेल्या पोराला कोठे टाकावयाचे हे वरचे लोक ठरवितात. कोणी साध्या फौजेत जातो, कोणी पोलिसांत, तर कोणी १९७९ च्या क्रांतीनंतर उभारलेल्या ‘सिपाह-ए-पासदारान’ या दलात. आपला ‘शिपाई’ या ‘सिपाह’चाच भाऊबंद. नेमणुकीचा कागद येतो, पोरगा तिकडे जातो, दोन वर्षे दारावर उभा राहतो, भांडी घासतो, कारकुनी करतो, आणि दाखला घेऊन घरी येतो.

१५ एप्रिल २०१९ पासून अमेरिकेने हे सबंध पासदारान दल दहशतवादी संघटनांच्या यादीत घातले. दुसऱ्या देशाच्या सरकारी फौजेचा एक भाग अमेरिकेने अशा यादीत घालण्याची ती पहिलीच वेळ. त्या दलाच्या वरिष्ठांनी काय काय केले आहे याची वकिली मला करावयाची नाही. त्यांना कोणी कोणत्याही यादीत घालावे. पण अमेरिकेचा कायदा असा, की यादीतल्या संघटनेला ज्याने कोणतीही वास्तविक मदत केली किंवा तिच्याकडून लष्करी शिक्षण घेतले, त्याला देशाचे दार बंद. व्हिसा मागणाऱ्याला बंद, आश्रय मागणाऱ्याला बंद, निर्वासितालाही बंद. ही बंदी २०१९ च्या कितीतरी आधी नोकरी संपवून मोकळ्या झालेल्या माणसांनाही लावली गेली. ज्याने वीस वर्षांपूर्वी बराकीत डाळ शिजविली, त्याने ‘मदत’ केलीच की नाही? ज्याला कवायत शिकविली, त्याने ‘शिक्षण’ घेतलेच की नाही? सक्तीने की खुशीने, हा रकाना त्या हिशेबात नाही.

यातला फास नीट पाहावा. देश सोडावयाचा तर पासपोर्ट हवा; पासपोर्ट हवा तर नोकरीचा दाखला हवा; आणि दाखल्यावर दलाचे नाव पाहिले, की पलीकडचे दार बंद. नोकरी चुकवून डोंगर ओलांडून पळावे तर मागे आईबापांच्या दाराशी पोलीस. ज्या राजवटीला कंटाळून, भिऊन माणूस पळतो, तिचाच शिक्का त्याच्या कपाळी मारून त्याला परत तिच्याच दारी उभे करावयाचे, याला न्याय म्हणत असतील तर अन्याय कशाला म्हणतात ते तरी सांगावे. कॅनडानेही जून २०२४ मध्ये हेच दल आपल्या यादीत घातले. जून २०२५ मध्ये तर अमेरिकेने इराणसकट बारा देशांच्या नागरिकांना बहुतेक सरसकटच दार लावले. तो वेगळा आणि मोठा विषय आहे. मी बोलतो आहे ती मोड त्याच्या आधीपासूनची आहे, आणि सरसकट बंदी उद्या उठली तरी ती आपोआप बरी होणार नाही.

कायद्याची भाषा बोलणारे लोक म्हणतील, की सरकारने दर माणसाचे मन कोठे तपासत बसावे? हे काम अशक्य आहे असे ते भासवितात. या लोकांना मी न्यूरेंबर्गची आठवण देतो. १९४६ साली तिथल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हिटलरची एस. एस. ही संघटना गुन्हेगार ठरविली. माणसाच्या इतिहासात तिच्याहून काळी संघटना दाखविणे कठीण आहे. साऱ्या युरोपची राख अजून गरम होती, न्यायासनावर बसलेली चारही राष्ट्रे त्या युद्धात पोळलेली होती, आणि अमेरिका त्या चारांतली एक. तरीसुद्धा त्या न्यायालयाने निवाड्यात स्पष्ट वगळले, की ज्यांना राज्याने कोणताही पर्याय न ठेवता या संघटनेत भरले आणि ज्यांनी स्वतः तसे गुन्हे केले नाहीत, ते या ठपक्याखाली येत नाहीत. छळछावण्यांची चित्रे डोळ्यांसमोर असताना न्यायाधीशांना जो भेद करता आला, तो आज व्हिसाच्या खिडकीमागे बसलेल्यांना का करता येऊ नये?

शिवाय सवलत देण्याची सोय त्या अमेरिकी कायद्यात नाही असेही नाही. मंत्र्यांनी मनात आणले तर एखाद्या गटाला सूट देता येते. जून २०२२ मध्ये अफगाण लोकांसाठी अशी सूट काढली गेली. कारण तालिबानच्या चौकीवर पैसे मोजल्यावाचून त्या देशात रस्ता ओलांडता येत नव्हता, हे अमेरिकेला स्वतःला ठाऊक होते. आणि याद्या किती पवित्र असतात तेही पाहावे. नेल्सन मंडेलांच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवरचा असा डाग काढावयास अमेरिकेने २००८ साल उजाडू दिले. मंडेला तोवर राष्ट्राध्यक्ष होऊन निवृत्तही झाले होते!

आता एक अवघड गोष्ट. ती टाळली तर माझ्या बोलण्यात वकिली येईल. सक्ती म्हटली की सगळे माफ, असे मी म्हणत नाही. डॅनियल नेगुसी नावाच्या माणसाचे प्रकरण २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे निकालात निघाले. एरिट्रियाच्या सरकारने त्याला सक्तीने फौजेत घातले. लढावयास नकार दिला म्हणून दोन वर्षे तुरुंगात टाकले, आणि मग त्याच तुरुंगावर चार वर्षे पहारेकरी म्हणून उभे केले. तिथे कैद्यांना शिक्षा म्हणून रणरणत्या उन्हात ठेवीत. हा बंदूक घेऊन पहाऱ्यावर. त्याने चोरून कोणाला पाणी दिले असे तो सांगत होता. आणि उन्हात माणूस मेलेलाही त्याने पाहिला होता. शेवटी जहाजावरच्या मालाच्या पेटाऱ्यात लपून तो २००४ मध्ये अमेरिकेला पोहोचला. खालच्या अधिकाऱ्यांनी त्याला सांगितले, की तू खुशीने केलेस की धाकाने, हे पाहण्याचे कारणच नाही. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, असे मानून चालणे चूक आहे. प्रश्नाचा पुन्हा विचार करा. त्याचे उत्तर काय यावे हे मी खात्रीने सांगू शकत नाही. उन्हात मेलेल्या कैद्याची बायको माझ्यापुढे येऊन बसली, तर मला काय बोलावे ते सुचणार नाही. पण प्रश्न विचारलाच पाहिजे, एवढे मी सांगू शकतो. नेगुसीचे प्रकरण अवघड, कारण त्याच्या हातून काही घडले. आणि बराकीत डाळ शिजविणाऱ्याचे प्रकरण त्याहून शंभरपट सोपे असताना तिथे प्रश्न विचारण्याचीही तसदी नाही!

घर ज्याचे, दारही त्याचे, हे मला मान्य आहे. कोणाला आत घ्यावे हे ज्या त्या देशाने ठरवावे; पण दारात उभ्या असलेल्या माणसाला निदान नाव-गाव विचारून, त्याने काय केले ते विचारून मग ठरवावे. त्याच्या जुन्या सदऱ्याचा रंग पाहून नव्हे.

इथवर वाचून काही वाचक सुखावले असतील. अमेरिकेला चार खडे बोल सुनावले की आपल्याकडे बरे वाटते. त्यांना थोडे अलिबागेकडे नेतो. कोकण किनाऱ्यावर नवगावला ज्यांचे पूर्वज जहाज फुटून लागले असे सांगतात, ते बेने इस्रायल लोक. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’. पेणकर, किहीमकर अशी त्यांची आडनावे, मलिदा हा त्यांचा नैवेद्य, मराठी ही त्यांची घरची भाषा. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक इस्रायलला गेले. पण तिथेही त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालविले. ते निर्वासित नव्हते, आपण होऊन गेले, हे खरे. तिकडे त्यांना सुखाने कोणी घेतले असेही नाही: १९६२ ते १९६४ या काळात तिथल्या धर्मपीठाने, तुम्ही खरे यहुदी कशावरून, असा प्रश्न लग्नाच्या वेळी उभा केला, आणि तो मागे घ्यावा म्हणून या मराठी माणसांना रस्त्यावर यावे लागले.

त्यांच्या मुला-नातवंडांना इकडे येण्याजाण्यासाठी आपल्या सरकारचे ओसीआय कार्ड हवे होते. ही योजना जानेवारी २००६ मध्ये हैदराबादेत मोठ्या थाटात सुरू झाली. पण तिच्या नियमांत लिहिले होते, की परदेशी सैन्यात असलेल्या किंवा त्यातून निवृत्त झालेल्या माणसाला हे कार्ड नाही. इस्रायलात सैन्याची नोकरी मुलांना सक्तीची, मुलींनाही सक्तीची! म्हणजे आजी पेणेची, घरात बोली मराठी, आणि नात अठराव्या वर्षी कायद्याने गणवेशात गेली म्हणून आजीच्या गावाचे दार तिला अर्धेच उघडे. तिकडे विचारले, तुम्ही खरे यहुदी का. इकडे विचारले, तुम्ही खरे भारतीय का. जुलै २०१७ मध्ये पंतप्रधान इस्रायलला गेले तेव्हा तेल अवीवच्या सभेत त्यांनी जाहीर केले, की सक्तीची लष्करी नोकरी केलेल्यांनाही हे कार्ड मिळेल. टाळ्या पडल्या. मलाही आनंद झाला. पण माझ्यातला वकील गप्प बसेना. जे अकरा वर्षे अडले ते एका भाषणाने सुटले, याचा अर्थ ते पहिल्या दिवशीही सुटण्याजोगे होते. आणि जाहीर झाले ते इस्रायलमधल्या भारतीयांपुरते. दिवाळीची पोस्त द्यावी तसे ते दिले गेले. ‘सक्तीची नोकरी ही माणसाची निवड नव्हे’ एवढे एक वाक्य तत्त्व म्हणून मांडले असते, तर जगापुढे बोलावयास आपल्याला तोंड राहिले असते. बेने इस्रायल माणसे व्हिसा काढून येत होती, त्यांच्या ताटातुटीची इराणी घरांशी बरोबरी मी करीत नाही. चूक मात्र एकाच साच्याची आहे.

आणि आमच्या मराठवाड्याने तर हा साचा त्याच्याही आधी पाहिला आहे. १३ सप्टेंबर १९४८ ला फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजामाने हात टेकले. तो आमच्या मुक्तीचा दिवस. दर वर्षी मी झेंड्याला जातो आणि जात राहीन. पण पुढच्या दिवसांत रझाकारांचा सूड म्हणून जी माणसे मारली गेली, त्यांतल्या पुष्कळांचा रझाकारांशी संबंध नव्हता. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला, आणि सर्वांत वाईट स्थिती ज्या चार जिल्ह्यांची सांगितली त्यांत तेव्हाचा उस्मानाबाद आणि नांदेड हे आमचे दोन. तो अहवाल लोकांपुढे यावयास किती दशके लागली हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच दिवसांत निजामाच्या अनियमित फौजेतले अरब आणि रोहिले धरले गेले, छावण्यांत ठेवले गेले, आणि त्यांतल्या पुष्कळांना देशाबाहेर घालविण्यात आले. हे लोक कायद्याने वेठीला धरलेले नव्हते, हे कबूल. बापाची तलवार मुलाकडे यावी तशी ही नोकरी पिढ्यान्‌पिढ्या येत असे. सावकाराच्या तगाद्याला येणारा अरब कोणाला आवडत नसे, हेही कबूल. पण कितीतरी जण इथेच जन्मलेले, त्यांच्या आया-आज्या याच मातीतल्या. गंमत अशी, की निजामाच्या फौजेचे सेनापती एल एद्रूस हे स्वतः अरबी घराण्यातले. त्यांनी १८ सप्टेंबरला जनरल चौधरींपुढे शरणागती पत्करली आणि उरलेले आयुष्य बंगळूरला काढले. ते राहिले ते बरेच झाले. पण सेनापतीला देश राहिला आणि पहारेकऱ्याचा गेला.

आमच्या गल्लीच्या टोकाला अशा एका पहारेकऱ्याची बायको राहात असे. ती पैठणकडची, बोली अर्धी मराठी अर्धी दखनी. नवरा एका जहागिरीच्या खजिन्यावर दारात उभा राहावयाचा. पोलीस ॲक्शननंतर त्याला नेले, आणि काही महिन्यांनी जहाजात घातले, ते त्याच्या आजोबाच्या मुलखाकडे. तो मुलूख त्याने कधी पाहिलेला नव्हता आणि तिथली बोली त्याला धड येत नव्हती. ती वडिलांकडे अर्ज लिहून घ्यावयास येई. रझाकारांनी माझ्या एका चुलत्याचे घर जाळले होते. तरी वडील लिहून देत. आई आत भांडी आपटी. पहिले अर्ज उर्दूत, मग सरकार बदलले म्हणून इंग्रजीत. ती सांगे, वडील लिहीत. प्रत्येक अर्जात एक वाक्य ती आग्रहाने घालावयास लावी: माझा नवरा रझाकार नव्हता, दारात उभा राहणारा होता.

दोन-अडीच वर्षांनी एकदाच उत्तर आले. वडिलांनी ते तिला ओसरीवर वाचून दाखविले. त्यात दोनच गोष्टी विचारल्या होत्या: तुकडीचे नाव, आणि नोकरी कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत.